आशियातल्या क्लबचा करार समोर आला तर: वय, जागा, पगार आणि कागद

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सतरा वर्षांचा आहे, कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून आणि एका खासगी अकादमीकडून खेळतो. एक एजंट म्हणतो, 'थायलंड नाहीतर मलेशियातल्या क्लबशी करार करून देतो, नंतर जपानचंही बघू.' त्यासाठी साडेतीन लाख रुपये 'प्रोसेसिंग'चे म्हणून आधी मागतो. द्यावेत का? आणि करार खरा निघाला तर त्यात काय तपासायचं?

पैसे देऊ नका. मुलाला अठरा पूर्ण होईपर्यंत परदेशी कराराचा विषयही बाजूला ठेवा, कारण तो करार आज कुणी केला तरी नोंदणी होणार नाही. फिफाच्या खेळाडू-नोंदणी नियमांतलं १९ वं कलम सांगतं की एका देशाच्या संघटनेतून दुसऱ्या देशाच्या संघटनेत खेळाडू जायचा तर त्याचं वय १८ पूर्ण हवं. अपवाद मोजके आहेत: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, खेळाडू सरहद्दीपासून ५० किलोमीटरच्या आत राहत असेल आणि क्लबही पलीकडे तेवढ्याच अंतरात असेल, निर्वासित असेल, शैक्षणिक देवाणघेवाणीत ठरावीक काळासाठी गेलेला विद्यार्थी असेल. सोळा ते अठरा वयाची सवलत आहे, पण ती युरोपीय संघाच्या अंतर्गत बदल्यांसाठी. आशियात ती नाही. 'वडिलांना तिकडे नोकरी दाखवू' असं कुणी सुचवलं तर हे लक्षात ठेवा की अल्पवयीन खेळाडूचा अर्ज फिफाकडे जातो आणि तिथे नोकरीचा करार, राहण्याचा परवाना, स्थलांतराचं कारण असं सगळं तपासलं जातं. मुलासाठी नोकरी शोधली आहे असं दिसलं की अर्ज नाकारला जातो.

एजंटबद्दल. फिफाने २०२३ पासून परवाना परीक्षा पुन्हा सुरू केली आणि परवानाधारकांची यादी सगळ्यांना बघता येते. त्या यादीत नाव नसेल तर पुढचं बोलणं नको. 'आमच्या सरांकडे लायसन्स आहे, मी त्यांचा माणूस' हे उत्तर चालत नाही, कारण परवाना व्यक्तीच्या नावावर असतो आणि खेळाडूशी क्लबबद्दल बोलणी परवानाधारकानेच करायची असतात. खेळाडूबरोबरचा प्रतिनिधित्वाचा करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो, लेखी असतो, आणि अल्पवयीन असेल तर पालकांची लेखी संमती लागते. एजंटची फी पगारावर टक्केवारीने ठरते, म्हणजे पगार सुरू झाल्यावर. फीची कमाल मर्यादा किती असावी यावर युरोपातल्या न्यायालयांत वाद झाले आणि फिफाला डिसेंबर २०२३ मध्ये तो भाग स्थगित करावा लागला. पण करार होण्याआधी खेळाडूकडून 'प्रोसेसिंग' घेण्याची रीत या धंद्यात कुठेच नाही. खऱ्या क्लबला खेळाडू हवा असेल तर तो विमानाचं तिकीट स्वतः काढतो.

आता मुद्द्याचं. आशियात भारतीय खेळाडू इतके कमी का दिसतात याचं उत्तर बहुतेक जण दर्जात शोधतात. दर्जा हे एक कारण आहेच, पण त्याच्याआधी येतो कोटा. प्रत्येक लीग परदेशी खेळाडूंची संख्या बांधून देते आणि ती जागा क्लबच्या दृष्टीने सर्वांत महागाची वस्तू असते. सौदी प्रो लीगमध्ये २०२४-२५ पासून दहा परदेशी चालतात, त्यांतल्या दोन जागा तरुण खेळाडूंसाठी राखीव. जपानच्या जे-१ मध्ये सामन्याच्या संघात पाच. आपल्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एका वेळी मैदानावर चार. या जागेवर क्लब ब्राझीलचा स्ट्रायकर, सर्बियाचा सेंटर बॅक किंवा स्पेनचा मिडफिल्डर आणतो. तुमच्या मुलाची स्पर्धा थायलंडच्या मुलाशी नसते, त्या ब्राझीलच्या माणसाशी असते.

यात आणखी एक पायरी आहे जी एजंट सांगत नाहीत. जपानच्या जे-लीगने काही देशांशी भागीदारी केली आहे: थायलंड, व्हिएतनाम, म्यानमार, कंबोडिया, सिंगापूर, इंडोनेशिया, मलेशिया. या देशांचे खेळाडू तिथे परदेशी म्हणून मोजले जात नाहीत. त्यामुळेच थायलंडचा चनाथिप सोंगक्रासिन २०१७ मध्ये कोन्सादोले सप्पोरोत जाऊ शकला, २०१८ मध्ये लीगच्या सर्वोत्तम अकरांत आला आणि २०२२ मध्ये कावासाकी फ्रोंताले त्याला घेऊन गेलं. खेळाडू गुणी होताच, पण त्याला घेताना सप्पोरोला परदेशी जागा खर्च करावी लागली नाही. भारत त्या यादीत नाही. तसंच आग्नेय आशियातल्या लीगांत आसियान देशांच्या खेळाडूंसाठी वेगळ्या जागा असतात आणि भारत आसियानमध्येही नाही. म्हणजे भारतीय खेळाडू बँकॉक किंवा क्वालालंपूरला गेला तर तो 'आशियाई' किंवा सरळ 'परदेशी' जागेवर बसतो, आणि तिथे समोर जपानी, कोरियन, ऑस्ट्रेलियन, उझबेक उभे असतात.

एएफसीच्या, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाच्या, मुख्य स्पर्धेत, चॅम्पियन्स लीग एलिटमध्ये, २०२४-२५ पासून परदेशी खेळाडूंवर बंधन राहिलेलं नाही. आधी २००९ पासून बरीच वर्षं 'तीन अधिक एक' होतं, म्हणजे तीन कुठलेही परदेशी आणि एक आशियाई. तो 'अधिक एक' अनेक मधल्या दर्जाच्या आशियाई खेळाडूंचं पोट भरत होता, कारण देशोदेशीच्या लीगांनी तीच रचना उचलली होती. आता लीग एकेक करून ती सोडत आहेत. भारतीय खेळाडूच्या दृष्टीने ही वाईट बातमी आहे आणि तिची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही.

म्हणून एजंटला पहिला प्रश्न हाच विचारा: 'त्या क्लबकडे या हंगामात परदेशी जागा किती, त्यांतल्या रिकाम्या किती, आणि माझा मुलगा नेमका कोणत्या जागेवर नोंदवला जाणार?' खरं काम करणारा माणूस दोन मिनिटांत उत्तर देतो. 'ते क्लब बघून घेईल' असं उत्तर आलं की समजा, क्लबशी बोलणंच झालेलं नाही.

दुसरा अडथळा प्रशिक्षण भरपाईचा. खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक म्हणून नोंदवला गेला आणि ती नोंदणी दुसऱ्या देशात असेल, तर नव्या क्लबने त्याला आधी घडवणाऱ्या सगळ्या क्लबांना पैसे द्यायचे असतात. पुढेही, तो ज्या वर्षी २३ वर्षांचा होतो ते वर्ष संपेपर्यंत, व्यावसायिक म्हणून दुसऱ्या देशात गेला तर नुकत्याच सोडलेल्या क्लबला भरपाई मिळते. हिशोब नव्या क्लबच्या श्रेणीवर चालतो. आशियासाठी दुसऱ्या श्रेणीला वर्षाला ४०,००० डॉलर, तिसरीला १०,००० आणि चौथीला २,००० असे दर आहेत. पहिली श्रेणी आशियात नाहीच. बारा ते पंधरा वयाची वर्षं, नवा क्लब कितीही मोठा असला तरी, चौथ्या श्रेणीच्या दराने धरतात.

उदाहरण घ्या. मुलगा बारा ते अठरा वयापर्यंत कोल्हापुरातल्या नोंदणीकृत क्लबांतून अव्यावसायिक म्हणून खेळला आणि एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्या श्रेणीच्या आशियाई क्लबने त्याला पहिला व्यावसायिक करार दिला. बारा ते पंधराची चार वर्षं गुणिले २,००० म्हणजे ८,००० डॉलर. सोळा, सतरा, अठराची तीन वर्षं गुणिले ४०,००० म्हणजे १,२०,०००. एकूण १,२८,००० डॉलर. ज्या खेळाडूला क्लब कदाचित वर्षाला वीस-तीस हजार डॉलर पगार देणार, त्याच्यासाठी एवढी रक्कम कोण मोजेल? म्हणून अशा क्लबचं पहिलं पत्र येतं ते 'आधीच्या क्लबांकडून भरपाई सोडल्याचं लेखी आणा' असं. इथे तालीम आणि अकादमी यांच्यात तेढ पडते. एक म्हणते सोडतो, दुसरी म्हणते आमचे पैसे द्या, आणि यात विंडो, म्हणजे बदलीची नोंदणी खुली असण्याचा काळ, संपते.

श्रेणी चौथी असेल तर भरपाई लागतच नाही. म्हणूनच पहिल्यांदा बाहेर जाणाऱ्याला खालच्या श्रेणीतला छोटा क्लब लवकर घेतो आणि मोठा क्लब टाळतो. हे कळलं की एजंटने छोटंसं नाव का आणलं याचा राग येत नाही. उलट मोठ्या नावाचा क्लब एवढ्या सहज कसा तयार झाला याची शंका यायला हवी.

याच्या जोडीला सॉलिडॅरिटीची रक्कम असते, आणि ती तालमींनी नीट समजून घ्यायला हवी. करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला तर त्या रकमेतले ५% त्याला बारा ते तेवीस वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या प्रत्येक वर्षाला ०.२५%, सोळा ते तेवीस या प्रत्येक वर्षाला ०.५%. एक कोटीची बदली असेल तर पहिल्या चार वर्षांचे प्रत्येकी पंचवीस हजार आणि नंतरच्या प्रत्येक वर्षाचे पन्नास हजार. बारा ते सतरा एकाच तालमीत काढली असतील तर तालमीला दोन लाख मिळतात. भारतातल्या भारतात दोन भारतीय क्लबांमध्ये झालेल्या बदलीला फिफाचा हा नियम सहसा लागत नाही, तिथे एआयएफएफचे, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे, नियम बघायचे. आणि मोफत बदलीत वाटायला रक्कमच नसते. आशियातल्या आपल्या स्तरावरच्या बहुतेक बदल्या मोफतच असतात, म्हणून प्रत्यक्षात प्रशिक्षण भरपाईच जास्त वेळा आडवी किंवा कामी येते.

नोव्हेंबर २०२२ पासून हे पैसे पॅरिसमधल्या फिफा क्लिअरिंग हाऊसमधून फिरतात. खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट तयार होतो, त्यात तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणाकडे नोंदवलेला होता हे येतं आणि त्यावरून वाटणी होते. हा पासपोर्ट भरतो तो राष्ट्रीय संघटनेच्या नोंदींवरून. आपल्याकडे त्या नोंदी एआयएफएफच्या सीआरएस या नोंदणी व्यवस्थेत असतात. शाहू स्टेडियमवर मुलगा चार हंगाम खेळला, पेपरात नाव आलं, पेठेत फ्लेक्स लागले, पण त्या वर्षांची सीआरएस नोंद तालमीच्या नावावर नसेल तर हिशोबात ती वर्षं शून्य. शाळेच्या संघातली वर्षंही क्लबची म्हणून धरली जात नाहीत. आणि पैसे घ्यायला तालमीच्या नावावर बँक खातं, नोंदणीचे कागद आणि सही करण्याचा अधिकार कोणाला आहे याचा ठराव लागतो. पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर परदेशातून काहीही येणार नाही.

नाव आणि जन्मतारीख यांत इतकी प्रकरणं अडकतात की हे वेगळं सांगतो. आपल्याकडे आडनाव कधी पुढे, कधी मागे. वडिलांचं नाव मधलं म्हणून कधी असतं, कधी नसतं. एका कागदावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. जन्मदाखला, आधार, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि सीआरएस या पाच ठिकाणी नाव आणि तारीख अक्षरशः सारखी हवी. आणि 'एक वर्ष कमी करून देतो' असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सोळा-सतरा वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एमआरआय काढून वय तपासतात. कागदांच्या बाबतीत फिफा किती कडक आहे हे मलेशियाने अनुभवलं: सप्टेंबर २०२५ मध्ये फिफाने तिथल्या सात परदेशी जन्माच्या खेळाडूंवर, आजीआजोबांच्या जन्माचे खोटे कागद दिल्याबद्दल, बारा महिन्यांची बंदी घातली आणि राष्ट्रीय संघटनेला साडेतीन लाख स्विस फ्रँक दंड केला. कागद कोणी बनवले हा वाद वेगळा, पण बंदी खेळाडूंच्याही नावावर लागली.

मुलगा अठराचा झाला, जागा आहे, भरपाई सुटली, असं धरून पुढे जाऊ. व्यावसायिक बदली फिफाच्या टीएमएस या संगणकीय व्यवस्थेत होते. नवा क्लब माहिती भरतो, त्यासोबत करार, ओळखीचा पुरावा, आधीचा करार कधी संपला त्याचा पुरावा, आणि खेळाडूच्या हक्कात तिसऱ्या कोणाचा आर्थिक वाटा नाही असं खेळाडूचं सही केलेलं निवेदन जोडतो. हे शेवटचं निवेदन वाचल्याशिवाय सही करू नका. 'तुझ्या पुढच्या बदलीतले वीस टक्के माझे' असं एजंटने आधी कुठे लिहून घेतलं असेल तर ते मे २०१५ पासून बेकायदा आहे आणि खोट्या निवेदनाचा भार खेळाडूवर येतो. मग नव्या देशाची संघटना आयटीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र, मागते. भारतीय संघटनेने ते ७२ तासांत द्यायचं; २०२४ पर्यंत ही मुदत सात दिवसांची होती. तेव्हा नाकारण्याची कारणंही ठरलेली होती: आधीचा करार संपलेला नाही, किंवा तो मुदतीआधी संपवण्याबद्दल एकमत नाही. जानेवारी २०२५ पासून करारावरच्या वादामुळेही ते अडवता येत नाही. 'मुलाने वसतिगृहाचे पैसे बाकी ठेवलेत' हे आयटीसी अडवण्याचं कारण होत नाही. अकादम्या एनओसी दाबून ठेवतात तेव्हा पालक घाबरतात, पण करार संपला असेल तर त्या दाबण्याला फारसा अर्थ नसतो. भीती खरी तेव्हा, जेव्हा मुलाने तीन वर्षांच्या कागदावर न वाचता सही केलेली असते. अठराच्या खालच्या खेळाडूचा व्यावसायिक करार फिफाच्या नियमानुसार तीन वर्षांपेक्षा जास्त चालत नाही, आणि भारतीय कायद्यात अल्पवयीनाची एकट्याची सही टिकत नाही. अकादमीचा कागद काढून हे आधी बघा.

हे सगळं नव्या देशाची विंडो उघडी असताना व्हायला हवं, आणि आशियात विंडो एका वेळी नसतात. कोरिया आणि चीनमध्ये हंगाम साधारण फेब्रुवारी-मार्च ते नोव्हेंबर-डिसेंबर, सौदीत ऑगस्ट ते मे. जपान इतकी वर्षं फेब्रुवारी ते डिसेंबर खेळत होता आणि २०२६ च्या ऑगस्टपासून शरद-वसंत हंगामाकडे वळतो आहे, त्यामुळे जुन्या तारखा डोक्यात ठेवून गेलेला माणूस फसेल. एका हंगामात खेळाडू जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदवता येतो आणि अधिकृत सामने दोनच क्लबांसाठी खेळू शकतो. भारतात सुरुवातीचे दोन सामने एका क्लबकडून, नंतर दुसऱ्याकडून खेळून डिसेंबरमध्ये बाहेर जायचं ठरलं तर हा नियम आडवा येतो. ज्याचा करार विंडो बंद होण्याआधी संपला आहे, त्याला विंडोनंतरही नोंदवता येण्याची सोय असते.

करार वाचताना पहिली नजर पगाराच्या आकड्यावर जाते. ती 'ग्रॉस की नेट', म्हणजे कर कापण्याआधीचा की कापल्यावरचा, या शब्दावर जायला हवी. जपानमध्ये अनिवासी व्यक्तीच्या पगारातून २०.४२% कर कापला जातो. मलेशियात वर्षात १८२ दिवस पूर्ण झाले नाहीत तर अनिवासी म्हणून सरसकट ३०%. मध्यावर गेलेल्या खेळाडूचं पहिलं वर्ष नेमकं असंच असतं. सौदीत पगारावर व्यक्तिगत आयकर नाही. भारतात परत आल्यावर निवासी ठरत असाल तर तिथे भरलेल्या कराचा दाखला लागतो, तो क्लबकडून हंगाम संपतानाच घ्या, नंतर हिशोबनीस बदललेला असतो. जे-लीगने २०२६ पासून किमान पगार ठरवला आहे, वर्षाला जे-१ मध्ये ४८ लाख येन, जे-२ मध्ये ३६ लाख, जे-३ मध्ये २४ लाख. 'जपानच्या क्लबचा करार' म्हणून याच्या खालचा आकडा आला तर तो क्लब जे-लीगमध्ये नाही, त्याखालच्या लीगमधला आहे, आणि तिथे व्हिसा कोणत्या प्रकारचा मिळणार हे विचारा.

पुढे ही कलमं शोधा. करार वैद्यकीय चाचणीवर किंवा व्हिसावर अवलंबून ठेवलेला असेल तर फिफाच्या १८ व्या कलमाने ती अट चालत नाही: चाचणी सहीच्या आधी करायची असते. 'एक अधिक एक' लिहिलं असेल तर ते अधिक एक वर्ष कोणाच्या मर्जीवर आहे? फक्त क्लबच्या मर्जीवर असेल तर किमान पगारवाढ त्यातच लिहून घ्या. दुखापत झाल्यावर शस्त्रक्रियेचा खर्च, पगार किती महिने, आणि उपचार कोणत्या देशात? गुडघ्याच्या लिगामेंटला सहा ते नऊ महिने जातात, आणि 'तीन महिने खेळला नाही तर करार रद्द' असं कलम असलं की तेच त्या कराराचं खरं मोल ठरतं. घर, वर्षातली विमान तिकिटं, जेवण हे तोंडी सांगितलेलं सगळं कागदावर. दोन भाषांतला करार असेल तर वाद झाल्यास कोणती भाषा धरायची, तेही.

आणि दुसरा कागद. मुख्य करारात पगार कमी दाखवून उरलेली रक्कम 'इमेज राइट्स'च्या (खेळाडूचं नाव आणि छायाचित्र वापरण्याच्या हक्कांच्या) नावाने वेगळ्या कंपनीच्या करारात टाकायची पद्धत आशियात बरीच आहे. क्लबच्या दृष्टीने कर आणि पगारमर्यादा दोन्ही वाचतात. खेळाडूच्या दृष्टीने, पैसे अडकले की फिफाच्या लवादात मुख्य करार सहज चालतो, तो दुसरा कागद चालेलच असं नाही. शक्यतो सगळी रक्कम एकाच करारात, क्लबच्याच नावावर घ्या.

क्लब टिकेल का, हा प्रश्न खेळाडू सगळ्यांत शेवटी विचारतात. जियांग्सू क्लब नोव्हेंबर २०२० मध्ये चीनचा विजेता झाला आणि फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस त्याने काम थांबवलं. मालक कंपनीला पैसे घालायचे नव्हते. आठ वेळा लीग आणि दोनदा, २०१३ आणि २०१५ मध्ये, आशियाई विजेतेपद जिंकलेलं ग्वांगझू जानेवारी २०२५ मध्ये परवाना न मिळाल्याने संपलं. आपल्याला हे नवीन नाही. महिंद्रा युनायटेड, पुणे एफसी, मुंबई एफसी गेले. गोव्याचे धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडून त्याच्या जागी हैदराबादचा क्लब आला. जुलै २०२५ मध्ये तर अख्खी आयएसएल थांबवण्यात आली, कारण एआयएफएफ आणि आयएसएल चालवणारी कंपनी एफएसडीएल यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा हक्ककरार डिसेंबरात संपत होता, आणि काही क्लबांनी त्या काळात पगार रोखले. एकाच मालकाच्या खिशावर चालणारा क्लब त्या मालकाच्या धंद्याबरोबर बुडतो. जपानमधली रचना वेगळी यासाठी की १९९३ मध्ये लीग सुरू होतानाच क्लबच्या नावातून कंपनीचं नाव काढून शहराचं नाव ठेवण्यात आलं, आणि २०१३ पासून सलग तीन वर्षं तोटा किंवा बुडीत ताळेबंद असेल तर परवान्यालाच धोका, असा नियम आला. तिथे पगार थोडा कमी वाटतो, पण तारखेला येतो.

तपासायची सोपी जागा अशी: फिफा आपल्या कायदेविषयक संकेतस्थळावर नवीन खेळाडू नोंदवायला बंदी असलेल्या क्लबांची यादी ठेवतं. खेळाडूंचे किंवा इतर क्लबांचे पैसे थकवले आणि निकालानंतरही दिले नाहीत की क्लब या यादीत जातो, आणि बंदी पैसे दिल्यावर किंवा सलग तीन विंडो संपल्यावर उठते. सहीच्या आदल्या दिवशी ती यादी बघा. बंदीतला क्लब मुलाला घेऊन जाईल, सरावाला उतरवेल, पण नोंदवू शकणार नाही. शिवाय त्या क्लबमध्ये गेल्या हंगामात खेळलेल्या दोन परदेशी खेळाडूंना समाजमाध्यमांवर थेट विचारा, 'शेवटचे तीन पगार कधी आले?' बहुतेक जण खरं सांगतात.

पगार थांबला तर क्रम चुकवू नका. १४ व्या कलमाचा दुसरा भाग, 'चौदा बिस', असं म्हणतो की किमान दोन महिन्यांचा पगार ठरल्या तारखेला मिळाला नाही तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत द्यायची. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर करार मोडायला त्याला योग्य कारण मिळतं. लोक इथे दोन चुका करतात. एक, नोटीस न देता विमान पकडतात. मग क्लब म्हणतो, हाच पळून गेला, आणि उलटी भरपाई मागतो. दुसरी, फक्त व्हॉट्सॲपवर मॅनेजरला लिहितात. नोटीस क्लबच्या अधिकृत ईमेलवर, कोणत्या महिन्याचे किती बाकी हे आकड्यांत लिहून, बँक खात्याचा तपशील देऊन पाठवा, आणि पंधरा दिवस सरावाला रोज जा. नियमाने करार मोडल्यावर उरलेल्या कराराची रक्कम मागता येते. नवा क्लब मिळाला तर तिथला पगार त्यातून वजा होतो, पण थकबाकीमुळे मोडलेल्या करारात सहसा तीन महिन्यांचा जादा पगार जोडला जातो. दावा दोन वर्षांच्या आत फिफाच्या फुटबॉल लवादाकडे करायचा, खेळाडूला तिथे शुल्क नाही, आणि निकालावर लोझानच्या क्रीडा लवादाकडे अपील २१ दिवसांत. हे सगळं लागू होतं ते खेळाडू एका देशाचा आणि क्लब दुसऱ्या देशाचा असेल तर. भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब यांचा वाद एआयएफएफच्या समितीपुढे चालतो. तिथे २०२४ मध्ये भारताचा बचावपटू अन्वर अली याच्या कराराचं प्रकरण किती चिघळलं, समितीने १२ कोटी ९० लाखांची भरपाई आणि बंदी सुनावली आणि मग ते दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, हे वाचण्यासारखं आहे. एक कागद मोडला की तीन क्लब आणि एक खेळाडू वर्षभर कसे अडकतात ते त्यात दिसतं.

तुमच्या मुलासाठी या वर्षाचं काम बाहेरगावचं नाहीच. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून आणि पुणे एफसीच्या अकादमीतून गेला, २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, मग इंडियन ॲरोज आणि जमशेदपूर. परदेशी क्लबच्या स्काउटकडे दाखवायला लागतात ते पूर्ण सामन्यांचे व्हिडिओ आणि राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धांतली खेळलेली मिनिटं. तीन मिनिटांची गोलांची फीत कोणी गंभीरपणे बघत नाही. आयएसएल आणि तिच्या खालच्या लीगच्या क्लबांच्या युवा संघांच्या निवडचाचण्या, एआयएफएफच्या वयोगटांच्या युवा लीग, महाराष्ट्राकडून संतोष करंडकाची निवड, हे टप्पे पार झाल्यावर करार मागावा लागत नाही, त्यासाठी फोन येतात.

या महिन्यात एवढं करा. तालमीच्या सचिवांकडून आणि अकादमीकडून मुलाच्या सीआरएस नोंदीची प्रत मागा आणि बाराव्या वर्षापासून कोणतं वर्ष कोणाच्या नावावर आहे ते एका कागदावर लिहा. मधली वर्षं रिकामी असतील तर त्या हंगामांचे केएसएचे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे) कागद, संघयाद्या शोधून केएसए आणि विफा या महाराष्ट्राच्या फुटबॉल संघटनेकडे लेखी अर्ज करा. हे जितकं उशिरा कराल तितकं अवघड होत जातं. पासपोर्ट नसेल तर काढा आणि त्यावरचं नाव दहावीच्या प्रमाणपत्राबरहुकूम ठेवा. अकादमीशी केलेल्या कराराची प्रत तुमच्याकडे नसेल तर लेखी मागा, त्यातली मुदत आणि 'परस्पर नूतनीकरण' हे शब्द बघा. एजंटला त्याचा परवाना क्रमांक आणि क्लबचं अधिकृत पत्र, क्लबच्या डोमेनवरच्या ईमेलने, पाठवायला सांगा. जीमेलवरून आलेलं निमंत्रण क्लबच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर परत पाठवून 'हे तुमचं आहे का' एवढं विचारलं तरी पुरतं.